सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही: हे आलं कुठून?

शेवंती
माझ्या धाकट्या बहिणीला कालच तालुक्याहून जिल्हा रुग्णालयात हलवलं. पहिलटकरीण आहे. बीपी १६०/११०, पायांवर सूज, लघवीतून प्रथिनं जातायत. परवा ३० आठवडे पूर्ण झाले. डॉक्टर म्हणाले, जमेल तितके दिवस बाळ पोटात ठेवू, ३४ आठवड्यांपर्यंत पोचलो तर फारच चांगलं. तोवर बीपीच्या गोळ्या, आणि बाळाच्या फुफ्फुसांसाठी इंजेक्शनं.

आईनं हे ऐकलं आणि चक्क हात जोडले. "डॉक्टर, आठवा लागायला दोन दिवस आहेत. आजच मोकळी करा तिला. सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही."

शेजारच्या खाटेवरच्या बाईंच्या सासूबाई लगेच म्हणाल्या, "खरं बोलतायत त्या." आयामावशींनीही मान डोलावली. डॉक्टरांनी शांतपणे समजावलं, पण आईच्या डोळ्यांतलं पाणी काही थांबलं नाही. तिला वाटतंय आम्ही सगळे मिळून बाळाला मरणाच्या महिन्यात ढकलतोय.

आईला अडाणी म्हणणारे प्रतिसाद देऊ नका, एवढी विनंती. तिनं तीन बाळंतपणं काढलीत आणि आख्ख्या आळीच्या बाळंतिणींना न्हाऊमाखू घातलंय. तिच्या मनात हे इतकं पक्कं का बसलंय, त्यात काही तथ्य आहे का, आणि तिला कसं सांगू, एवढंच विचारायचंय. रात्री झोप येत नाही म्हणून लिहिलं.

जाईजुई
काळजी घे गं. माझ्या आजेसासूबाईही हेच म्हणायच्या. "सात जगवी, आठ नेई."

नाईटड्यूटी
शेवंतीताई, मी एका जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात (आम्ही एसएनसीयू म्हणतो) अकरा वर्षं परिचारिका आहे. आधी सगळ्यात महत्त्वाचं सांगते. बहिणीला जोरात डोकं दुखलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, चमकायला लागलं किंवा बरगडीखाली पोटात दुखलं, तर रात्रीचे तीन वाजले असले तरी सिस्टरला उठवा. या आजारात थांबायचं की नाही हे आईच्या तब्येतीवर ठरतं. महिना सातवा की आठवा, यावर नाही. उद्या बीपी आवरेना तर डॉक्टर उद्याच मोकळी करतील, आणि ते बरोबरच असेल.

आता आईंच्या प्रश्नाचं. फुफ्फुसात लहान लहान फुग्यांसारख्या पिशव्या असतात. श्वास सोडल्यावर त्या आतून एकमेकींना चिकटू नयेत म्हणून त्यांच्या आतल्या बाजूला एक तेलकट थर लागतो, साबणाच्या पाण्यासारखा. त्याला सर्फॅक्टंट म्हणतात. साधारण २४ आठवड्यांना तो तयार व्हायला लागतो आणि पुरेसा होतो ३४-३५ आठवड्यांना. म्हणजे सातव्यात थोडा, आठव्यात जास्त, नवव्यात भरपूर. मध्येच आठव्यात तो कमी होतो आणि पुन्हा वाढतो, असं काही नाही. दूध ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ बसायलाही ३४ आठवडे लागतात. अंगाखालची चरबीही याच दिवसांत भरते. आमच्या कक्षात २८ आठवड्यांचं बाळ आलं की सगळ्यांच्या छातीत धस्स होतं. ३३ चं आलं तर आम्ही म्हणतो, चला, हे घरी जाणार.

इंजेक्शनं म्हणजे डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड असेल. ६ मिलिग्रॅमचे चार डोस, बारा-बारा तासांनी. ते पूर्ण होतायत ना, यावर लक्ष ठेवा. खर्च अगदी थोडा, पण बाळाच्या श्वासासाठी यापेक्षा मोठी मदत जन्माआधी दुसरी नाही.

गावकूस
ताई, तुमच्या शिक्षणाचा मान राखून सांगतो. मी डोळ्यांनी बघितलंय. चुलत बहिणीचं पहिलं सातव्यात झालं, आज तो पोरगा ट्रक चालवतो. दुसरं आठव्यात झालं, चौथ्या दिवशी गेलं. आमच्या वाडीत अशी तीन उदाहरणं आहेत. पिढ्यान् पिढ्यांच्या अनुभवाला काहीच किंमत नाही का?

नाईटड्यूटी
किंमत आहे, दादा. म्हणूनच विचारते: तो सातव्यातला पोरगा जन्मला तेव्हा किती वजनाचा होता?

गावकूस
दोन किलोच्या वर होता म्हणतात. बारीक होता, पण रडायचा जोरात.

नाईटड्यूटी
मग तो सातव्यातला नव्हता. २८ आठवड्यांचं बाळ एक किलोच्या आसपास असतं, ३२ चं पावणेदोन किलोच्या आसपास, ३४ चं दोन-सव्वादोन. दोन किलोच्या वरचं, जोरात रडणारं, ओढून पिणारं बाळ म्हणजे निदान आठवा संपत आलेलं, नाहीतर पूर्ण दिवसांचंच, पण पोटात नीट न पोसलेलं. पूर्वी सोनोग्राफी नव्हती. पाळी कधी चुकली हे बाईला नीट आठवायचं नाही, अंगावर पाजत असताना दिवस राहिले तर पाळीचा हिशोबच नसायचा. मग बाळ बारीक झालं आणि जगलं, की त्याला 'सातमाशी' म्हणून मोकळे. आणखी एक गोष्ट हळूच सांगते. लग्नानंतर सात महिन्यांत पूर्ण वाढलेलं मूल झालं, तर सुईणीच पुढे होऊन म्हणायच्या, "सातव्यातलं आहे." त्यात पोरीची अब्रू राहायची. मी त्या सुईणींना नावं ठेवत नाही, चांगलंच केलं त्यांनी. पण त्यामुळे जगलेल्या सातमाश्यांचा आकडा फुगला.

खरं २८ आठवड्यांचं बाळ त्या काळी घरी जन्मलं, तर तासाभरात जायचं. त्याला बाळ म्हणून कुणी मोजायचंच नाही. 'पडलं' म्हणायचे.

वैद्यभूषण
मी आयुर्वेदाचा वैद्य आहे, चाळीस वर्षांची प्रॅक्टिस. ही समजूत आपल्याकडे किती जुनी आहे ते सांगतो. सुश्रुत शारीरस्थानात म्हणतो, की आठव्या महिन्यात ओज, म्हणजे शरीराचे सारभूत बळ, अस्थिर होते आणि त्या वेळी जन्मलेले मूल ओज नसल्यामुळे जगत नाही. चरकाने कारण अधिक स्पष्ट केले आहे. या महिन्यात ओज आईकडून गर्भाकडे आणि गर्भाकडून आईकडे जात-येत असते, म्हणून गर्भिणी कधी आनंदी, कधी म्लान दिसते, आणि तेव्हाचा प्रसव धोक्याचा. जाणते लोक आठवा महिना 'अगण्य' मानतात, असा शब्द तिथे आहे. शेवंतीताईंच्या आईंच्या तोंडी जे आले, त्यामागे एवढी मोठी परंपरा आहे.

आणि हे केवळ आपलेच नाही. ग्रीकांच्या हिप्पोक्रेटीसच्या नावावरच्या ग्रंथसंग्रहात आठव्या महिन्यातल्या मुलांवर स्वतंत्र प्रकरण आहे. ॲरिस्टॉटलने तर फार मार्मिक नोंद केली आहे: इजिप्तमध्ये आठव्या महिन्यातली मुले जगतात. ग्रीसमध्ये ती जगत नाहीत असे लोक मानतात, आणि एखादे जगलेच तर म्हणतात, ते आठव्यातले नसणारच, आईचा हिशोब चुकला. सिस्टरांनी वर जे सांगितले, तेच त्याला अडीच हजार वर्षांपूर्वी जवळजवळ दिसले होते.

मी रुग्णांना दुसरेही सांगतो. त्याच चरकाने जन्मतः निपचित पडलेल्या बाळासाठी काय करावे ते लिहिले आहे. कानांपाशी दगडावर दगड आपटा, तोंडावर थंड किंवा कोमट पाणी शिंपडा, सुपाने वारा घाला, प्राण परत येईपर्यंत करीत राहा. आज आपण तसे करणार नाही, आज त्यापेक्षा चांगली साधने आहेत. पण 'बाळाला सोडून द्या' असे तिथेही सांगितलेले नाही. तुमच्या आईंना ग्रंथावर श्रद्धा असेल, तर हे जरूर सांगा.

उमाआजी
(नात टाइप करतेय. आजी सांगतेय तसंच लिहिते.)

शेवंती बाळ, मी ब्याऐंशी वर्षांची. मला दोन्ही झालीत, सातव्यातलं आणि आठव्यातलं. ऐक.

पहिलं आठव्यात झालं, दुष्काळाच्या आधीची गोष्ट. मुलगा होता. सुईण आली, तिनं आधी महिना विचारला. सासूनं सांगितलं, आठवा. सुईणीनं बाळाकडे बघितलं आणि माझ्याकडे वळली. बाळाला फडक्यात गुंडाळून कोपऱ्यात सुपात ठेवलं. मी म्हटलं द्या माझ्याकडे, तर म्हणाली, कशाला जीव लावतेस. माघ महिना होता. रात्री त्यानं दोनदा आवाज केला. सकाळी गेला. त्याचं बारसं नाही, पाचवी नाही, काही नाही.

दोन वर्षांनी दुसरं झालं. मुलगी. त्या वेळी सासूनं सातवा सांगितला. खरा कितवा होता, देवाला माहीत. मग काय विचारता! सातव्यातलं जगतं म्हणून आख्खं घर कामाला लागलं. पिंजलेल्या कापसात ठेवली. दोन्ही बाजूंना विटा तापवून, फडक्यात बांधून ठेवायचे, गार झाल्या की बदलायचे. माझं दूध पिळून बोंडल्यानं थेंब थेंब. जाऊ रात्रभर जागायची. माझे सासरे कधी बायकांच्या खोलीकडे फिरकले नव्हते, ते दारात बसून विटा तापवून द्यायचे. सव्वा महिना असं केलं. ती आज पासष्टीला आलीये, तिची नात कॉलेजात आहे. हे टाइप करणारी तिचीच भाची.

एवढी वर्षं मीही लोकांना हेच सांगत आले, सात जगतं, आठ जगत नाही. तुमचं हे सगळं नातीनं वाचून दाखवलं तेव्हा डोक्यात आलं. माझ्या पोराला आठवा महिना लागला म्हणून तो गेला, की आठवा म्हटल्यावर कुणी विटाच तापवल्या नाहीत म्हणून गेला?

जाईजुई
आजी... काय बोलू. वाचून उठून गेले जागेवरून.

शेवंती
आजी, तुमचा प्रतिसाद आईला वाचून दाखवला. ती काही बोलली नाही. बराच वेळ बहिणीचे पाय चेपत बसली. मग विचारलं, "त्या आजींना नाव ठेवायचं होतं का त्याचं?"

उमाआजी
मनात होतं. कधी कुणाला सांगितलं नाही. तुझ्या आईला सांग, विचारलंस हेच फार झालं.

गावकूस
सिस्टर, वजनाचा मुद्दा पटला. पण दुसरं बाळ चौथ्या दिवशी का गेलं? त्याला तर कुणी टाकलं नव्हतं. चांगलं दिसायचं म्हणे, अंगापिंडानं बरं होतं.

नाईटड्यूटी
दादा, तुमच्या भाच्याचं नेमकं काय झालं ते मी इथून सांगू शकत नाही. पण आठवा संपता संपता झालेली बाळं फसवी असतात. दिसतात पूर्ण दिवसांसारखी, म्हणून त्यांच्याशी सगळे पूर्ण दिवसांच्या बाळासारखं वागतात. पहिल्याच दिवशी तेल लावून कढत पाण्यानं आंघोळ, मग हवा लागते. बाळ थंड पडलं की त्याची सगळी साखर अंग तापवण्यातच खर्च होते. मग ते झोपाळतं. आई म्हणते, "किती शहाणं आहे, रडतच नाही." खरं तर त्याच्यात ओढायची ताकदच उरलेली नसते. दूध पोटात गेलं नाही की साखर आणखी खाली जाते, कावीळ वाढते, अशा बाळांचा श्वासही मधूनच थांबतो. तीन-चार दिवसांत सगळं होऊन जातं आणि घरचे म्हणतात, काही आजारही नव्हता, आठव्यातलं होतं म्हणून गेलं. अशी बाळं कक्षात आणून आम्ही वॉर्मरखाली ठेवतो, नळीनं किंवा वाटी-चमच्यानं आईचंच दूध देतो, काविळीला निळ्या उजेडाखाली ठेवतो. बहुतेक सगळी घरी जातात.

घरी एक साधी परीक्षा करा. उलट्या हातानं आधी बाळाचं पोट बघा, मग तळपाय. दोन्ही उबदार असली तर ठीक. पोट उबदार आणि पाय गार, म्हणजे बाळाला थंडी वाजतेय, लगेच छातीशी घ्या. दोन्ही गार असतील तर छातीशी धरूनच गाडीत बसा आणि दवाखाना गाठा.

दूरदेशी
मी मूळची सांगलीची, आता ऑकलंडला असते. माझा मुलगा ३१ आठवड्यांचा. ही जी फुफ्फुसांची इंजेक्शनं शेवंतीच्या बहिणीला दिली, त्यांची सुरुवात याच शहरातून झाली, हे मला इथल्या नर्सनं सांगितलं तेव्हा अंगावर काटा आला. ग्रॅहम लिगिन्स नावाचे डॉक्टर मेंढ्यांवर प्रयोग करत होते, कळा नेमक्या कशामुळे सुरू होतात हे शोधायला. स्टेरॉइड दिल्यावर एक कोकरू इतक्या आधी जन्मलं, की ते जगायलाच नको होतं. पण ते श्वास घेत होतं. नंतर त्याची फुफ्फुसं बघितली, तर त्यांत हवा भरलेली. दुसऱ्या कुणी ती गोष्ट बाजूला टाकली असती. लिगिन्स आणि बालरोगतज्ज्ञ रॉस हाउई यांनी १९६९ पासून २८२ बायकांवर त्याची चाचणी घेतली आणि १९७२ मध्ये निष्कर्ष छापला.

त्याआधी काय व्हायचं ते बघा. ऑगस्ट १९६३ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, पॅट्रिक. साडेपाच आठवडे आधी, वजन दोन किलोच्या वर. म्हणजे आपल्या हिशोबानं आठव्यातला. जगातली हवी ती मदत हाताशी असून ३९ तासांत गेला, फुफ्फुसात तो थर नव्हता म्हणून. मेरी एलन एव्हरी यांनी त्या थराचा अभाव हेच या आजाराचं कारण असल्याचं १९५९ मध्येच दाखवलं होतं, पण तो बाहेरून द्यायचं औषध नव्हतं. ते १९८० मध्ये जपानच्या फुजिवारा यांनी पहिल्यांदा बाळांना देऊन दाखवलं. आता तसंच बाळ तुमच्या जिल्हा रुग्णालयातून घरी जातं. आईला हे सांग, शेवंती.

बाबा_२९
नाव असंच घेतलंय, कारण माझी मुलगी २९ आठवड्यांची. १,१२० ग्रॅम. आम्ही ५४ दिवस कक्षात काढले. लोक भेटायला यायचे आणि हमखास म्हणायचे, "सातव्यातली आहे ना, मग काही होत नाही." त्यांचा हेतू चांगला होता. पण तिचा श्वास दिवसातून आठ-दहा वेळा थांबायचा, मॉनिटर वाजायचा, सिस्टर धावत येऊन तळपायाला टिचकी मारायच्या. 'सातव्यातलं जगतंच' या भरवशावर आम्ही एकदा तिला लवकर घरी न्यायच्या बेतात होतो. खर्चही झेपत नव्हता. डॉक्टरांनी अडवलं म्हणून वाचलो. तेव्हा या म्हणीचा अर्धाच भाग वाईट आहे असं समजू नका. पहिला अर्धाही माणसाला गाफील ठेवतो.

दहाव्या दिवशी सिस्टरांनी मला शर्टाची बटणं काढायला सांगितलं. मला कळेचना. तिला फक्त लंगोट आणि टोपरं घालून माझ्या उघड्या छातीवर उभी ठेवली, वरून पट्टा बांधला. कांगारू पद्धत. पंधरा मिनिटांत मॉनिटरवरचे आकडे स्थिर झाले. त्यानंतर दिवसा बायको आणि रात्री मी. बाप म्हणून तिच्यासाठी पहिल्यांदाच काहीतरी करता आलं.

नंतर मी वाचलं, की ही पद्धत १९७८ साली कोलंबियातल्या बोगोटात एडगर रे सानाब्रिया या डॉक्टरांनी सुरू केली. काचेच्या पेट्या कमी, एकेका पेटीत दोन-दोन बाळं, त्यात जंतुसंसर्ग. म्हणून त्यांनी आईलाच पेटी केलं. २०२१ मध्ये भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांतला अभ्यास आला. आपल्याकडचं केंद्र दिल्लीचं सफदरजंग. एक किलो ते १,८०० ग्रॅमच्या आतली तीन हजारांवर बाळं. ज्यांना तब्येत सावरायची वाट न बघता जन्मल्या जन्मल्याच छातीशी ठेवलं, त्यांच्यात महिन्याभरातले मृत्यू पाव हिश्शानं कमी झाले. शेवंतीताई, बाळ होण्याआधीच तिथल्या सिस्टरांना विचारून ठेवा, आईला कक्षात बसू देतात का.

नाईटड्यूटी
आणि बाबा_२९, डोळे तपासले ना?

बाबा_२९
हो, २५ व्या दिवशी. पडद्याच्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या वाढत होत्या. लेझर केलं. आज ती चष्मा लावून पहिलीत जाते.

नाईटड्यूटी
सगळ्यांसाठी लिहिते. ३४ आठवड्यांच्या आतलं किंवा दोन किलोच्या आतलं बाळ असेल, तर जन्मापासून तीस दिवसांच्या आत डोळ्यांच्या पडद्याची तपासणी झालीच पाहिजे. फारच लहान असेल तर त्याहून आधी. घरी गेल्यावर आयांना वाटतं, सव्वा महिना बाहेर काढायचं नाही. त्या सव्वा महिन्यात दृष्टी गेलेली बाळं मी पाहिली आहेत. या एका कामासाठी सव्वा महिना मोडा.

आशाताई_झाडीपट्टी
मी गडचिरोली जिल्ह्यात आशा आहो. आमच्याकडे कक्ष दूर, पावसाळ्यात नाला आला की रस्ताच बंद. तरी बाळं वाचतात, कशी ते सांगते. डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेनं १९९३ पासून इथल्या ३९ गावांत काम केलं. गावातल्याच बायांना शिकवलं. श्वास मोजणे, वजन घेणे, उबदार पिशवीत बाळ ठेवणे, दूध पाजता येत नसेल तर पिळून देणे, जंतुदोष ओळखून इंजेक्शन देणे. १९९९ मध्ये त्यांनी छापलं, की नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी उतरले. त्याच वाटेनं २०११ पासून देशभर आम्ही आशा घरी जातो: ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. शेवंतीताई, तुमच्या गावच्या आशाला आत्ताच सांगून ठेवा.

घरच्या बुढ्या बायांशी मी भांडत नाही. पाचवीला सटवाई नशीब लिहायला येते म्हणतात, मी म्हणते पुजा तिला. पण चीक फेकू नका, ते पिवळं दूध अपुऱ्या दिवसाच्या बाळाले औषधापेक्षा मोठं आहे. मध चाटवू नका, घुटी नको. ओव्याची धुरी तर नकोच, त्या एवढ्याशा फुफ्फुसाले धूर सोसत नाही. आणि पोट फुगलं म्हणून चटके तर कधीच नाही. वजन वाढेपर्यंत आंघोळ नाही, ओल्या फडक्यानं पुसून घ्या. मालीश नंतर, तीही हलक्या हातानं.

जाईजुई
दूधच आलं नाही तर? माझ्या वेळी सिझरनंतर तीन दिवस थेंब नव्हता.

नाईटड्यूटी
पहिल्या सहा तासांत हातानं पिळायला सुरुवात करायची आणि दर दोन-तीन तासांनी पिळत राहायचं, रात्रीसुद्धा. सुरुवातीला थेंबच येतात, ते थेंबच बाळाला लागतात. तरी कमी पडलं तर दूधपेढी. आशियातली पहिली दूधपेढी आपल्या मुंबईतच, शीवच्या रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ साली सुरू केली. ज्यांना जास्त दूध येतं त्या आया देतात, तपासून पाश्चराइज करून लहान बाळांना मिळतं. आता राज्यात इतरही ठिकाणी आहेत.

शेवंती
मंडळी, झालं. ३२ आठवडे ५ दिवसांवर. रात्री डोकं ठणकायला लागलं, नाईटड्यूटीताईंचं लिहिलेलं लक्षात होतं म्हणून लगेच सिस्टरना हाक मारली. तासाभरात सिझर. मुलगी, १,४६० ग्रॅम. रडली. दोन दिवस नाकातून हवेचा दाब दिला, आता आपला आपला श्वास घेतेय. बहिणीचं बीपी उतरतंय.

आठवा महिना आहे. आईनं एक शब्द काढला नाही. बहिणीला अजून उठता येत नव्हतं, तर पहिला चीक आईनंच तिच्याजवळ बसून वाटीत काढून घेतला आणि वाटी दोन्ही हातांनी धरून कक्षाच्या दारापर्यंत नेली.

गावकूस
अभिनंदन. मुलगी आहे ना, मुली चिवट असतात, आमच्याकडे म्हणतात.

नाईटड्यूटी
गावकूस दादा, हे मात्र खरं आहे. एकाच दिवसांची, एकाच वजनाची दोन बाळं असतील तर मुलगी जास्त तग धरते. तरीही लवकर घरी नेल्या जातात त्या मुलीच. 'मुलगी आहे, किती दिवस ठेवणार' हे मी किती वेळा ऐकलंय. शेवंतीताई, तुमच्याकडे तसं होणार नाही हे दिसतंच आहे. सरकारी दवाखान्यात आजारी नवजात बाळाचा खर्च पडत नाही, घरी सोडतानाची गाडीही मागून घ्या.

शेवंती
विसावा दिवस. मध्ये वजन १,३४० पर्यंत उतरलं तेव्हा सगळे हबकलो, सिस्टर म्हणाल्या पहिल्या आठवड्यात उतरतंच. आज १,६१०. नळी निघाली, वाटी-चमच्यानं पिते. डोळ्यांच्या तपासणीची तारीख मिळालीये.

आई रोज दुपारी चार तास कांगारू करते, बहिणीला झोप मिळावी म्हणून. कालनिर्णयवर पेन्सिलनं आठवडे मांडलेत तिनं, महिने नाहीत. आज त्यावर '३५' लिहून गोल केलाय. काल शेजारच्या खाटेवर नवीन बाई आली, आठवा लागलाय, कळा सुरू झाल्यात. तिच्या सासूनं तेच वाक्य म्हटलं. आईनं नातीला छातीवर धरल्या धरल्या तिला जवळ बोलावलं आणि म्हणाली, "हात लावून बघा, पाय कसे ऊन आहेत."

आजी, एक विचारायचं होतं. बाजारातली टोपरी सगळी मोठी होतात, डोळ्यांवर घसरतात. कुठल्या मापाचं शिवू?

उमाआजी
मध्यम नारळ घे. करवंटीवर घट्ट नाही, सैल नाही, असं बसेल ते माप. जुन्या मऊ लुगड्याचं शिव, आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेव, आत टोचते.